पाडव्याचा झेंडू, चैत्राचा मोगरा आणि बागेची वही: बेळगाव सीमाभागासाठी

पाडव्याच्या गुढीला घरच्या झेंडूची माळ आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला घरचाच मोगरा, एवढी साधी इच्छा असली तरी तिची तयारी दिवाळीच्या आसपास सुरू करावी लागते. थंडीत बागेत बघण्यासारखं फारसं नसतं असं पुष्कळांना वाटतं. मला मात्र वर्षातले सगळ्यात आनंदाचे दिवस तेच वाटतात. बियांच्या पुड्या समोर मांडायच्या, मागच्या वर्षीची वही उघडायची आणि यंदा कोणत्या कोपऱ्यात काय फुलवायचं याचे मनसुबे रचायचे. त्या मनसुब्यांना तारखा कशा द्यायच्या, ते इथं सविस्तर सांगते.

फुलझाडांवरचं मराठीतलं बहुतेक लिखाण पुणे-नाशिककडच्या हवेवर बेतलेलं असतं, आणि कन्नडमधलं बेंगळूरकडच्या. आपला सीमाभाग दोन्हीत नीट बसत नाही. आपल्या एका जिल्ह्यातही एक हवा नाही. पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीकडं वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, पूर्वेला अथणीकडं तो सहाशेच्या आतबाहेर असतो. खानापूरकडची तांबडी, आम्लधर्मी माती पाऊस गेला की लवकर सुकते. रायबाग-अथणीकडची काळी माती वरून भेगाळली तरी आत ओल धरून राहते. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर, त्यामुळं डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गार, आणि मार्च लागला की ऊन एकदम चढतं. म्हणून ‘जानेवारीत छाटणी करा’ हा सल्ला वाचला तरी जानेवारीचा पहिला आठवडा की शेवटचा, हे ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं. ते ठरवायला आपल्याच परड्याची नोंदवही लागते.

आधी जागेचा नकाशा

वहीचं पहिलं पान नकाशाचं. चौकटीच्या कागदावर एक चौकट म्हणजे एक फूट धरून घर, कंपाउंडची भिंत, नळ, नारळ-आंब्यासारखी मोठी झाडं, वाफे आणि कुंड्यांच्या जागा काढायच्या. चित्र सुबक नसलं तरी चालेल, मापं मात्र टेपनं घेतलेली हवीत. प्रत्येक वाफ्याला एक अक्षर द्या: अ, ब, क. पुढं सगळीकडं ‘वाफा ब’ एवढंच लिहिलं की पुरतं.

सावलीचा नकाशा दोनदा काढावा लागतो, आणि नेमकी हीच गोष्ट बहुतेक लोक सोडून देतात. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला बराच झुकलेला असतो. घराच्या उत्तरेकडच्या पट्टीवर दिवसभर सावली पडते. मेच्या पहिल्या आठवड्यात तोच सूर्य बेळगावच्या बरोबर डोक्यावर येतो आणि त्याच पट्टीवर कडक ऊन येतं. म्हणजे थंडीत ज्या कोपऱ्याला ‘सावलीचा’ म्हणून तुम्ही नाजूक रोपं ठेवलीत, तिथंच ती एप्रिलमध्ये भाजतात. डिसेंबरच्या अखेरीस एका दिवशी सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता सावलीची कड नकाशावर पेन्सिलीनं आखा. एप्रिलच्या मध्यावर पुन्हा आखा, दुसऱ्या रंगानं. मोगरा, गुलाब, झेंडू यांना निदान पाच-सहा तास ऊन हवं. त्यांची जागा दोन्ही नकाशांत उन्हात असली पाहिजे.

मातीसाठी एक काचेची बरणी घ्या. तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चांगलं हलवून एक दिवस ठेवून द्या. खाली वाळू बसते, मधे पोयटा, वर चिकणमाती. थरांची जाडी पट्टीनं मोजून नकाशाच्या मागं लिहून ठेवा. जमीन मोठी असेल तर रीतसर माती तपासून घेतलेली बरी. आपल्या जिल्ह्यात बैलहोंगल तालुक्यात मत्तीकोप्पचं कृषी विज्ञान केंद्र आहे आणि गोकाकजवळ आरभावीला उद्यानविद्या महाविद्यालय आहे. जवळच्या रैत संपर्क केंद्रातही (कृषी खात्याचं शेतकऱ्यांसाठीचं केंद्र) चौकशी करता येते.

वही कशी आखायची

महागडी डायरी नको. दुकानात हिशेबाला वापरतात तसली जाड पुठ्ठ्याची लांब वही उत्तम. तिचे तीन भाग करा.

पहिला भाग आठवड्यांचा. वर्षाचे ५२ आठवडे, प्रत्येक आठवड्याला एक पान, आणि पानावर आडव्या रेघा मारून पाच खण. वरच्या खणात या वर्षीचा आठवडा, त्याखालच्या खणात पुढच्या वर्षीचा तोच आठवडा. अशी एक वही पाच वर्षं पुरते. जानेवारीचा तिसरा आठवडा उघडला की मागच्या सगळ्या वर्षांचे जानेवारीचे तिसरे आठवडे एकाखाली एक दिसतात. पानं उलटत बसावं लागत नाही. रोजनिशीपेक्षा ही पद्धत मला फार सोयीची वाटते, कारण रोज लिहायचं म्हटलं की पंधरा दिवसांत वही बंद पडते. आठवड्याला दोन-तीन ओळी कुणीही लिहू शकतं.

दुसरा भाग झाडांचा. एका झाडाला किंवा एका जातीला एक पान. वर नाव, कुठून आणलं, कधी लावलं, किती किमतीला. खाली तारखांचे रकाने: पेरणी, उगवण, पुनर्लागवड, छाटणी, खत, पहिली कळी, पहिलं फूल, भर बहर, शेवटचं फूल. ‘पहिलं फूल’ म्हणजे पूर्ण उमललेलं पहिलं फूल, हा नियम एकदा ठरवा आणि मोडू नका. एका वर्षी कळीला फूल म्हटलं आणि दुसऱ्या वर्षी उमलल्यावर लिहिलं, तर दोन वर्षांची तुलनाच होत नाही.

नावाची एक अडचण आपल्याकडं हमखास येते. नर्सरीवाला बैलहोंगल-सौंदत्तीकडचा असला की सगळ्याच सुवासिक पांढऱ्या फुलांना ‘मल्लिगे’ म्हणतो. त्यात दुंडु मल्लिगे म्हणजे आपला मोगरा, सूजी मल्लिगे म्हणजे जुई. छाटणीची वेळ दोघींची सारखी नाही. रोप घेताना त्यानं सांगितलेलं नाव जसंच्या तसं लिहून घ्या आणि शेजारी आपलं मराठी नाव लिहा. पुढच्या वर्षी त्याच्याकडून तेच रोप मागायला ते उपयोगी पडतं.

तिसरा भाग हवेचा. पाऊस मोजायला सरळ भिंतीचा रुंद डबा उघड्यावर ठेवायचा आणि सकाळी आत पट्टी बुडवायची. जेवढे मिलिमीटर पाणी, तेवढा पाऊस. आणि एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हे गणित ठाऊक असलं की वळवाच्या सरीनंतर झारी उचलायची की नाही याचा अंदाज लागतो. तापमानासाठी किमान-कमाल दाखवणारा साधा थर्मामीटर सावलीत टांगा. रोज नको, आठवड्यातला सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडा पुरे.

लिहायचं पेन्सिलीनं. ओल्या हातांनी पान भिजलं तरी पेन्सिलीचं अक्षर पसरत नाही. कुंडीतल्या पाट्यांनाही हेच लागू. मार्करनं लिहिलेलं नाव आपल्या एप्रिलच्या उन्हात उडून जातं. पांढऱ्या दह्याच्या डब्याच्या पट्ट्या कापून त्यावर पेन्सिलीनं लिहा, किंवा थंड पेयाच्या अॅल्युमिनियमच्या कॅनची पट्टी कापून (कडा दुमडून घ्या, हात कापतो) त्यावर रिकाम्या बॉलपेननं दाबून लिहा. अक्षर पत्र्यात रुततं, कायमचं राहतं.

मोबाइलवर फोटो जरूर काढा, दर रविवारी त्याच जागेवर उभं राहून. पण फोटोत फूल दिसतं, त्याला पाणी कधी तोडलं होतं ते दिसत नाही. त्यासाठी वहीच हवी.

मोगरा: सगळी मेहनत डिसेंबर-जानेवारीत

मोगऱ्याला चैत्रात भरभरून फुलवायचं असेल तर त्याला आधी विश्रांती द्यावी लागते.

डिसेंबर लागला की जमिनीतल्या मोगऱ्याचं पाणी हळूहळू तोडा. पानं पिवळी पडून गळायला लागतील, घाबरू नका. काळ्या मातीत ओल आत टिकते, म्हणून अथणी-रायबागकडं पाणी लवकर तोडावं लागतं. खानापूरच्या तांबड्या मातीत उशिरा तोडलं तरी चालतं. कुंडीतल्या झाडाचं पाणी एकदम बंद करू नका. पानं मलूल दिसली की थोडंसं द्या, एवढा ताण पुरे.

संक्रांतीनंतर, रात्रीचा गारठा कमी व्हायला लागला की छाटणी. धारदार सिकेटर (छाटणीची कात्री) घ्या, स्पिरिटनं पुसा. आधी वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या काटक्या काढा. मग उरलेल्या फांद्या जमिनीपासून सुमारे दीड फुटावर, डोळ्याच्या (जिथून नवी फूट येते त्या गाठीच्या) वर पाव इंच सोडून तिरक्या कापा. राहिलेली पानं हातानं ओरबाडून काढा. देठ खालच्या बाजूनं ओढला तर सालही निघते, म्हणून पान वरच्या दिशेनं उचलून तोडायचं. झाड भकास दिसेल. दिसू दे.

त्याच दिवशी आळ्यातली माती दोन इंच खुरपून मोकळी करा आणि दोन-चार दिवस मुळांना ऊन लागू द्या. मग खत: जमिनीतल्या मोठ्या झुडपाला एक घमेलं कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड, बारा इंची कुंडीला दोन ओंजळी शेणखत आणि एक मूठ पेंड. त्यानंतर भरपूर पाणी. युरियाच्या मोहात पडू नका, पानंच पानं येतात.

दोन-तीन आठवड्यांत तांबूस-हिरवी फूट दिसते. तिच्या टोकाला कळ्यांचे तुरे येतात. इथं वहीत दोन तारखा महत्त्वाच्या: छाटणीची आणि पहिल्या फुलाची. मधल्या दिवसांचा आकडा तुमच्या झाडाचा, तुमच्या मातीचा. दोन-तीन वर्षांत तो स्थिर होतो आणि मग चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या दिवसापासून मागं मोजून छाटणीची तारीख धरता येते.

पहिला बहर ओसरला की फुलून गेलेल्या फांद्यांची टोकं खुडा, थोडं शेणखत द्या. महिन्याभरात दुसरा बहर येतो. फुलं किती आली हे मोजायला आमच्याकडं फूलवालीचंच माप वापरतात: गुंफलेली माळ किती हात भरली. ‘१२ एप्रिल, तीन हात’ अशी नोंद वर्षांनंतरही समजते. कळ्या संध्याकाळी, उमलायच्या आधी खुडायच्या. टपोऱ्या आणि दुधी पांढऱ्या झालेल्या तेवढ्याच. हिरवट कळी खुडली तर ती उमलत नाही.

कळ्या जांभळट होऊन गळू लागल्या आणि त्यांना बारीक भोक दिसलं, तर आत कळी पोखरणारी अळी आहे. अशा कळ्या वेचून नष्ट करा, झाडाखाली पडू देऊ नका, आणि संध्याकाळी कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करा. पानं पिवळी पण शिरा हिरव्या राहिल्या, तर लोह कमी पडतंय. पूर्वेकडच्या चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यात हे सर्रास होतं. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून पानांवर फवारा.

झेंडू: उलटं मोजा

आफ्रिकन झेंडूला बी टाकल्यापासून फुलं यायला साधारण ७० ते ८० दिवस लागतात. अडचण अशी की पाडवा दरवर्षी सरकतो. २०२६ मध्ये तो १९ मार्चला, २०२७ मध्ये ७ एप्रिलला. ७७ दिवस धरले तर पहिल्या वर्षाची पेरणी १ जानेवारीला येते आणि दुसऱ्या वर्षाची २० जानेवारीला. जवळजवळ तीन आठवड्यांचा फरक. ‘संक्रांतीला पेरलं होतं, यंदाही पेरू’ म्हटलं की एखाद्या वर्षी पाडवा निघून जातो आणि मग झेंडू फुलतो. म्हणून वहीत तारीख इंग्रजी महिन्याची लिहा, आणि सण कोणत्या तारखेला होता ते शेजारी टिपून ठेवा.

पेरणीआधी बी तपासा. ओल्या फडक्यात दहा बिया गुंडाळून उबदार जागी ठेवा. आठवड्यात सात रुजल्या तर बी चांगलं. चार-पाचच रुजल्या तर दुप्पट पेरा. ट्रेमध्ये निम्मं कोकोपीट, निम्मं गांडूळखत. बी पाव इंच खोल. तीन ते चार आठवड्यांनी, चार-पाच पानांवर, संध्याकाळी पुनर्लागवड. रोपांत फूटभर अंतर. पुनर्लागवडीनंतर दोन-तीन आठवड्यांनी शेंडा खुडला तर झाड पसरतं आणि फुलं जास्त येतात, पण आठ-दहा दिवस उशिरा. पाडवा गाठायचा असेल तर पेरणीच तेवढे दिवस आधी धरा.

वैशाखातल्या शिवजयंतीला, चित्ररथांच्या वेळी, बेळगावात झेंडूला मोठी मागणी असते. दुसरी एक ट्रे पाडव्याच्या बेतानंतर महिन्यानं पेरली तर ती त्या वेळी येते. बी राखायचं असेल तर गावठी झेंडूचंच राखा. संकरित जातीचं बी पेरलं तर आई-बापासारखी फुलं येत नाहीत.

बाकीची मंडळी

गुलाबाची मोठी छाटणी ऑक्टोबरची. वसंतात फुलं हवी असतील तर जानेवारीच्या शेवटी, सुकलेल्या फुलाखाली पाच पानांच्या पहिल्या डोळ्यावर कापा. दीड महिन्याच्या आसपास नवं फूल येतं.

शेवंतीचा हंगाम तोपर्यंत संपलेला असतो. झाडं उपटून टाकू नका. चार बोटं ठेवून कापा, अर्धसावलीत ठेवा. बुडातून येणारे फुटवे हीच पुढच्या थंडीची रोपं. कोणता रंग कुठल्या कुंडीत, ते फुलं असतानाच लिहा. नंतर सगळी पानं सारखीच दिसतात.

पिटुनिया, फ्लॉक्स, डायन्थस ही थंडीची रोपं ऑक्टोबरात पेरली तर मार्चअखेरपर्यंत रंग देतात. पिटुनियाचं बी धुळीसारखं बारीक असतं; ते मातीनं झाकायचं नाही, उजेडात रुजतं. निपाणी-चिकोडीकडच्यांना एक कळकळीची सूचना: पिटुनिया आणि तंबाखू एकाच कुळातली. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू हातांवरून पिटुनियाला लागतो आणि पानं चट्टे पडून आकसतात. तंबाखूच्या शेतातून, वखारीतून आल्यावर किंवा तंबाखू मळल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय या रोपांना हात लावू नका. तंबाखूचा काढा करून कीड मारण्याची चालही सोडा. निकोटीन कातडीतून माणसालाही बाधतं.

निशिगंधाचे कंद मार्च-एप्रिलमध्ये लावायचे, फुलं पावसाळ्यात. सोनचाफा कलमीच घ्या, बियाणाच्या रोपाला वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते.

फाल्गुन उतरला की

या दिवसांत बागेला सगळ्यात जास्त लागतं ते आच्छादन. चिकोडी, हुक्केरी, रायबागकडं ऊसतोडीनंतर पाचट जाळतात. ते मागून आणा, तीन इंच जाड पसरा, बुंध्यापासून चार बोटं लांब ठेवा. खानापूरकडं भाताचा पेंढा आणि तूस मिळतं, तेही चालतं. आच्छादन केलेल्या आणि न केलेल्या वाफ्याला पाणी किती दिवसांनी द्यावं लागलं, हे वहीत शेजारी-शेजारी लिहा. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असलेल्या आपल्या भागात हा आकडा फार मोलाचा आहे. पाणी पहाटे द्या, आणि बोट दोन इंच मातीत घालून कोरडं लागलं तरच द्या.

एप्रिल-मेमध्ये वळीव येतो, कधी गारांसकट. दुपारी पूर्वेकडं ढग दाटले की कुंड्या भिंतीच्या कडेला सरकवा, उंच झाडांना काठीचा आधार बांधा. वळवाची प्रत्येक तारीख लिहा. जास्वंदीवर कापसासारखा पिठ्या ढेकूण आणि गुलाबाच्या पानांखाली लाल कोळी याच दिवसांत येतात. कोळ्यावर पानांच्या खालून जोरानं पाणी मारलं तरी बराच फरक पडतो. पिठ्या मात्र फडक्यानं पुसून काढावा लागतो.

वही वाचायची कधी

श्रावणात पाऊस लागलेला असतो, बागेत काम कमी, तेव्हा वही घेऊन बसा. प्रत्येक झाडाच्या पानावर तीन प्रश्न विचारा: पेरणी किंवा छाटणीपासून फुलापर्यंत किती दिवस लागले, बहर किती दिवस टिकला, आणि कशानं बिघडला.

नोंदी साठत गेल्या की त्यांचं मोल किती वाढतं याचं जगातलं मोठं उदाहरण जपानच्या क्योटोचं. तिथं चेरी कधी बहरली याच्या नोंदी इ. स. ८१२ पासूनच्या सापडतात. दरबाऱ्यांनी आणि भिक्षूंनी आपापल्या रोजनिशीत सहज लिहिलेल्या त्या ओळी. आज हवामान कसं बदललं हे शोधायला शास्त्रज्ञ त्या वापरतात. आपल्याकडंही सीझनवॉच नावाचा उपक्रम आहे. त्यात कुणीही एक झाड निवडून दर आठवड्याला त्याची पानं, फुलं, फळं यांची नोंद पाठवू शकतं.

म्हणून आठवड्याच्या पानावर एक ओळ कुंपणाबाहेरच्या झाडांसाठी राखा. जांबोटी रस्त्याची काटेसावर कधी पेटली, पळस-पांगारा कधी फुलला, आंब्याला मोहर कधी आला, बहावा कधी पिवळा झाला. ही झाडं कॅलेंडर बघत नाहीत, त्या वर्षीच्या हवेप्रमाणं फुलतात. काटेसावरीचं पहिलं फूल आणि तुमच्या मोगऱ्याची पहिली कळी यांत दरवर्षी ठरावीक अंतर पडतंय का, ते तीन-चार वर्षांच्या नोंदींतून दिसेल. पडत असेल तर खत कधी द्यायचं, हे रस्त्यावरचं झाडच सांगेल.

शेवटी वहीच्या मागच्या पानावर ‘पुढच्या वर्षी’ असं लिहून यादी करा: कोणती जात पुन्हा लावायची, कोणती सोडायची, कोणत्या वाफ्याची जागा बदलायची, कोणतं बी कुणाकडून मागायचं. पुढच्या पाडव्याची तारीख पंचांगात बघून त्याच पानावर घाला आणि तिथून मागं मोजून झेंडूच्या पेरणीचा दिवस लिहून ठेवा. बियांची मागणी गणपतीच्या आधी करा. दिवाळीत नर्सरीत चांगल्या जाती शिल्लक राहत नाहीत.